लाल मातीचा शिल्पकार : रामकिंकर बैज

मंडळाच्या स्मरणिकेत सामान्यतः आपल्या संतांची, समाजसुधारकांची आणि साहित्यिकांची चरित्रे येतात, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या प्रांताच्या अन्नपाण्यावर आपले मंडळ पन्नास वर्षे पोसले गेले, त्या प्रांतातील थोरांचीही ओळख आपल्या मुलाबाळांना असावी, असे आम्हांस वाटते. बंगाल म्हटले की रवींद्रनाथ, विवेकानंद, नेताजी ही नावे आपल्या घराघरांत आदराने घेतली जातात. त्या मालिकेत सहसा न उच्चारले जाणारे एक नाव आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते नाव म्हणजे शिल्पकार रामकिंकर बैज. हावड्याहून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या शांतिनिकेतनात, उघड्या आकाशाखाली, त्यांनी आपले आयुष्य घडविले आणि तेथेच आपली शिल्पे उभी करून ठेविली.

रामकिंकरांचा जन्म 1906 च्या मे महिन्यात बांकुडा गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव परामाणिक. केशकर्तन हा पिढीजात व्यवसाय, आणि घरची स्थिती हलाखीची. बैज हे आडनाव त्यांनी पुढे घेतले. बांकुडा जिल्हा हा मातीच्या कारागिरीचा जिल्हा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात उंच मानेचा जो मातीचा घोडा असतो तो याच जिल्ह्यातला, आणि विष्णुपूरची भाजलेल्या मातीच्या चित्रपट्टांनी मढविलेली मंदिरेही येथलीच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात लहान मूल जसे तासन् तास रेंगाळते, तसा हा मुलगा मूर्तिकारांच्या दारी रेंगाळे. हाताने माती कशी दबते, डोळा कसा कोरला जातो, हे त्याने शाळेत नव्हे, तर त्या कारागिरांच्या शेजारी बसून पाहिले. पुढे असहकाराच्या चळवळीचे वारे वाहू लागले, तेव्हा हाच मुलगा राष्ट्रीय पुढाऱ्यांची चित्रे रंगवू लागला. नाटकांचे पडदे रंगविण्याचे कामही त्याने केले.

बांकुड्याचेच एक थोर पुत्र रामानंद चट्टोपाध्याय हे त्या काळी मॉडर्न रिव्ह्यू आणि प्रवासी या मान्यवर मासिकांचे संपादक होते. आपल्या गावच्या या मुलाचा हात त्यांनी ओळखला आणि 1925 मध्ये त्याला शांतिनिकेतनात आणून पोहोचविले. एकोणीस वर्षांचा, खेड्यातला, दरिद्री कुटुंबातला मुलगा एकदम रवींद्रनाथांच्या आश्रमात आला. कलाभवनाची स्थापना 1919 मध्ये झालेली असून त्याची धुरा आचार्य नंदलाल बसू यांच्या खांद्यावर होती. रामकिंकरांनी पुढे केलेली कामे पाहून नंदलालबाबूंनी, या मुलाला सारे काही आधीच येत असताना तो येथे आला तरी कशाला, असे आश्चर्य व्यक्त केले आणि तरीही दोन-तीन वर्षे राहण्यास सांगितले, अशी आठवण सांगतात. ती दोन-तीन वर्षे पुढे पंचावन्न वर्षांची झाली. विनोदबिहारी मुखोपाध्याय हे त्यांचे सहाध्यायी. आपल्याला अभिमानाने सांगावयाची गोष्ट ही की, मराठी चित्रकार विनायक मासोजी हेही त्याच कलाभवनाच्या परिवारात होते.

चित्रकलेत रमलेल्या कलाभवनात शिल्पकलेची बैठक त्या वेळी पक्की नव्हती. काही युरोपीय शिल्पकार स्त्रिया पाहुण्या म्हणून आल्या, त्यांच्याकडून रामकिंकरांनी मूर्ती उभारण्याचे पाश्चात्य तंत्र आत्मसात केले. तथापि खरा प्रश्न तंत्राचा नव्हता, द्रव्याचा होता. मोठी मूर्ती घडवावयाची तर संगमरवर हवा किंवा ब्राँझचे ओतकाम हवे. संगमरवर राजेरजवाड्यांना परवडणारा, आणि ओतकामाला कारखाना व पैसा दोन्ही लागणार. आश्रमाच्या तिजोरीत यांपैकी कशाचीच सोय नव्हती. रामकिंकरांनी हात आखडून न बसता पायाखाली पाहिले. बीरभूमची जमीन लाल, खडकाळ. पावसाने तिच्यात घळी पडलेल्या. त्या भूमीला तेथे खोआई म्हणतात. तेथील लाल कंकर उचलावे, त्यात सीमेंट कालवावे, लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करून त्यावर ते मिश्रण थापावे, आणि घट्ट होत असताना छिन्नीने त्याला आकार द्यावा, अशी रीत त्यांनी बसविली. मूस नाही, ओतकाम नाही, चकाकी नाही. गवंडी ज्या मालाने भिंत बांधतो त्याच मालाने त्यांनी माणसे उभी केली.

हे सारे वाचून समजते, परंतु पटते ते प्रत्यक्ष पाहिल्यावरच. मंडळाच्या हिवाळी सहलीत आम्ही शांतिनिकेतनास गेलो, तेव्हा प्रथम उत्तरायण हा रवींद्रनाथांच्या निवासांचा परिसर पाहिला. कविवर्यांना एका घरात फार काळ राहवत नसे. कोणार्क, उदयन, श्यामली, पुनश्च, उदीची अशी पाच घरे त्या एकाच आवारात आहेत. शांतिनिकेतनातील अनेक वास्तूंची आखणी सुरेंद्रनाथ कर यांनी केली. हे गृहस्थ मूळचे चित्रकार. वास्तुशास्त्राची पदवी नसताना त्यांनी एका अख्ख्या विद्यापीठाला रूप दिले. त्यांच्या वास्तूंपैकी श्यामली हे घर 1935 चे. ते मातीचे आहे. भिंती मातीच्या, छपरही मातीचे, आणि आत गारवा राहावा म्हणून बांधकामात मातीची मडकी वापरलेली. जगभर सन्मान पावलेल्या कवीने चौऱ्याहत्तराव्या वर्षी शेतकऱ्याच्या घरासारख्या मातीच्या घरात मुक्काम हलविला. 1940 मध्ये महात्माजी आणि कस्तुरबा शांतिनिकेतनास आले, तेव्हा ते याच घरी उतरले होते.

श्यामलीच्या बाह्य भिंतींवर नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी उठावाची चित्रे केली. त्यांत संथाळ स्त्री-पुरुषांच्या ज्या आकृती आहेत त्या रामकिंकरांच्या हातच्या. दाराशी जय-विजय असावेत अशी आपली देवळांची परंपरा. येथे त्या जागी शेजारच्या पाड्यावरचे कष्टकरी उभे आहेत. तेथून कलाभवनाच्या आवारात गेलो म्हणजे कालो बाडी, अर्थात काळे घर, लागते. विद्यार्थ्यांच्या या वसतिगृहाच्या मातीच्या भिंतींना पावसापासून रक्षण व्हावे म्हणून डांबर दिलेले आहे आणि त्यांवरही उठावाची चित्रे आहेत. घर आणि शिल्प यांत येथे भेदच राहिलेला नाही. रामकिंकरांच्या पुढील सर्व कामाचे बीज आम्हांला या दोन मातीच्या घरांत दिसले.

याच 1935 साली त्यांनी पहिले मोठे स्वतंत्र शिल्प उघड्यावर उभे केले. झाडांच्या दाटीत, झाडासारखीच सडपातळ आणि उंच अशी ती स्त्री चालली आहे. पुढे नंदलालबाबूंच्या सूचनेवरून तिच्या मस्तकी पात्र आले आणि ती बुद्धाला खीर घेऊन जाणारी सुजाता झाली. या शिल्पाविषयी एक कथा शांतिनिकेतनात सर्वतोमुखी आहे. रवींद्रनाथांनी ते पाहिले आणि करणाऱ्याला बोलावणे धाडले. रामकिंकर भीतभीत गेले. परवानगीवाचून काम केल्याबद्दल कानउघाडणी होणार, ही त्यांची अटकळ होती. गुरुदेवांनी त्यांना एवढेच सांगितले की, सारा आश्रम अशा शिल्पांनी भरून टाक, आणि एक झाले की मागे न पाहता पुढच्याला लाग. शिष्याने ही आज्ञा अक्षरशः पाळली.

1938 मध्ये उभे राहिले ते संथाळ कुटुंब. भारतातील आधुनिक सार्वजनिक शिल्पकलेचा आरंभ अनेक अभ्यासक या शिल्पापासून मानतात. त्याचे वर्णन अगदी थोडक्यात करता येते. एक संथाळ पुरुष खांद्यावर कावड घेऊन चालला आहे. कावडीच्या एका टोपलीत मूल आहे. दुसऱ्या बाजूला संसाराचे ओझे. शेजारी त्याची बायको, तिच्या मस्तकावर सामान. पायाशी त्यांचा कुत्रा, तोही बरोबर निघालेला. कामाच्या शोधात एक कुटुंब एक गाव सोडून दुसऱ्या गावी चालले आहे. यापलीकडे शिल्पात काही नाही. मूर्ती माणसापेक्षा मोठ्या आहेत, पण चौथरा अगदी बेताचा आहे. त्यामुळे मान वर करून दर्शन घेण्याचा प्रसंग येत नाही. आपण रस्त्याने चाललो असताना ती माणसे समोरून यावीत तसे वाटते.

या शिल्पाचे मोल कळावयाचे तर त्या काळी सार्वजनिक पुतळे कोणाचे होत असत ते आठवावे. व्हाइसरॉय, गव्हर्नर, संस्थानिक, दानशूर सावकार, आणि जेथे राष्ट्रीय भावना प्रबळ तेथे थोर पुरुष. पुण्यात 1928 मध्ये उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविणारे आपले विनायकराव करमरकर हे सासवण्याचे. त्यांनीही कलकत्त्यात अनेक वर्षे काम केले होते. त्या पुतळ्यापुढे मराठी माणसाचे मस्तक आपोआप नमते आणि नमावयासही हवे. परंतु ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, ज्याच्यासाठी कोणी वर्गणी गोळा केली नाही, ज्याच्या अनावरणास कोणी लाटसाहेब आला नाही, अशा मजुराचे आणि त्याच्या बायकोमुलांचे स्मारक करावे, हे रामकिंकरांना सुचले. हे शिल्प करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याचा मोबदलाही ठरलेला नव्हता.

त्या शिल्पापुढे आमच्या सहलीतील मंडळी बराच वेळ निःशब्द उभी होती. आमच्या शासकीय सेवेच्या तीस वर्षांत सहा बदल्या झाल्या. दर वेळी देव्हारा कापडात गुंडाळला गेला, मुलांच्या शाळेचे दाखले काढले गेले, शेजाऱ्यांनी डबा आणून दिला, आणि नव्या गावी क्वार्टर मिळेपर्यंत कुटुंब अतिथिगृहाच्या एका खोलीत राहिले. येथे जमलेल्या प्रत्येक घराची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणून ती कावड आम्हांला परकी वाटली नाही. मात्र येथे एक भान ठेवणे अवश्य आहे. आमच्या हाती बदलीचा हुकूम असतो, प्रवासभत्ता असतो, पोहोचल्या दिवसापासून वेतन चालू असते. त्या संथाळाच्या हाती यांपैकी काहीही नाही. पुढच्या गावी काम मिळेल की नाही हेही त्याला ठाऊक नाही. तरी त्याची पावले दमदार आहेत, त्याच्या बायकोची मान ताठ आहे. रामकिंकरांनी त्यांना दीनवाणे केले नाही. दया करावी असे त्या शिल्पात काही नाही; आदर करावा असे पुष्कळ आहे. परप्रांती आपल्या हालांची जी गाणी आपण गातो, ती त्या शिल्पापुढे उभे राहिले असता आपोआप थांबतात.

रामकिंकर एका शैलीत अडकून पडले नाहीत. रवींद्रनाथांच्या मुखाची त्यांनी केलेली शिल्पे पाहावीत. एकात तर चेहऱ्याचे हुबेहूब साम्य बाजूला ठेवून कवीच्या अंतरंगातील क्लेश तेवढा घडविला आहे. 1940 चा त्यांचा दीपस्तंभ कोणत्याही ओळखीच्या वस्तूसारखा नाही. केवळ आकारांचा तो खेळ आहे. 1956 मध्ये त्यांनी गिरणीचा भोंगा हे शिल्प उभे केले. भातगिरणीचा भोंगा झाला आहे, दोन संथाळ स्त्रिया धावत निघाल्या आहेत, ओली लुगडी वाऱ्यावर फडफडत वाळत आहेत, मागे एक पोर पळते आहे. अठरा वर्षांपूर्वी जे कुटुंब पायी चालत निघाले होते, त्याला आता घड्याळाच्या तालावर धावावे लागत आहे. काळ कसा बदलला हे सांगण्यास त्यांना एकही शब्द लागला नाही. तैलरंग आणि जलरंग यांतही त्यांचा हात तितकाच मोकळा होता. इंदूरचे मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे 1945 मध्ये शांतिनिकेतनात राहिले, तेव्हा रामकिंकर आपल्या कर्तृत्वाच्या भरात होते. पुढे बडोद्याच्या ललितकला विद्यालयात बेंद्रे चित्रकला शिकवू लागले आणि रामकिंकरांचे शिष्य शंखो चौधुरी शिल्पकला. अशा रीतीने शांतिनिकेतनचे बीज पश्चिमेकडेही रुजले.

स्वातंत्र्यानंतर शासकीय इमारतींतून कलेला स्थान द्यावे असे धोरण आले. नवी दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेची इमारत उभी राहात होती. तिच्या प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस यक्ष आणि यक्षी असावेत असे ठरले आणि ते काम रामकिंकरांकडे आले. धनाचा अधिपती कुबेर हा यक्षांचा राजा. तेव्हा बँकेच्या दाराशी यक्ष उभा करणे हे औचित्याला धरूनच होते. मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा यक्ष आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातील बेसनगरची यक्षी यांचा आधार घेऊन त्यांनी उद्योग व शेती या दोन संपत्तींची ही प्रतीके कल्पिली. मूर्ती सुमारे चोवीस फूट उंच. त्याजोगा दगड मिळविण्यासाठी त्यांनी डोंगर पालथे घातले. अखेर तो हिमाचलात, कांगडा खोऱ्यातील बैजनाथच्या बाजूस मिळाला. दगड काढणे, वाहून आणणे, घडविणे यांत वर्षांमागून वर्षे गेली आणि 1967 मध्ये काम पुरे झाले. मुदतवाढ आणि खर्चाची सुधारित मंजुरी यांच्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना त्या दहा-बारा वर्षांत दोन्ही बाजूंच्या मनःस्थितीची कल्पना सहज येईल. उघड्या आकाशाखाली एकट्याने सीमेंट थापणाऱ्या माणसाला अंदाजपत्रकाच्या रकान्यांत बसविणे सोपे नव्हते. यक्षीच्या विवस्त्रतेविषयी संसदेतही नाराजी व्यक्त झाली. आज दिल्लीकर रोज त्या मूर्तींवरून जातात आणि त्या नसत्या तर ती इमारत कशी दिसली असती याचा विचारही कोणी करीत नाही.

त्यांच्या खासगी जीवनाविषयी चरित्रकाराने मौन पाळणे बरोबर नाही आणि चवीने बोलणेही बरोबर नाही. त्यांनी विवाह केला नाही. राधाराणी या स्त्रीने त्यांचे घर सांभाळले आणि ती अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिली. त्यावरून लोकांनी बोलावयाचे ते बोलून घेतले. मद्याचे व्यसनही होते. पैसा हाती टिकत नसे. मोठ्याने गाणे म्हणावे, विद्यार्थ्यांची नाटके बसवावीत, उन्हात डोक्यावर गवती टोपी घालून काम करावे, असा त्यांचा दिनक्रम. राहावयास गवती छपराचे घर. पावसाळ्यात छप्पर गळू लागले म्हणजे स्वतःची तैलचित्रे वर बांधून ते पाणी अडवीत. ही हकीगत ऐकून कलारसिक हळहळतात. आम्हांला मात्र त्यात त्यांचा स्वभाव पुरता दिसतो. ज्याने कंकरांचे शिल्प केले, त्याने चित्राचे छप्पर करावे यात नवल ते काय?

मानसन्मान उशिरा आले, पण आले. 1970 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 1971 मध्ये ते विश्वभारतीच्या सेवेतून निवृत्त झाले, आणि 1976 मध्ये त्याच विश्वभारतीने त्यांना देशिकोत्तम ही आपली सर्वोच्च पदवी अर्पण केली. चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी 1975 मध्ये त्यांच्यावर माहितीपट करावयास घेतला. तो घटकांच्या निधनामुळे अपुरा राहिला. कादंबरीकार समरेश बसू यांनी त्यांच्या जीवनावर मोठी कादंबरी लिहावयास घेतली. तीही लेखकाच्या मृत्यूमुळे अपूर्णच राहिली. दोन समर्थ कलावंतांना हे आयुष्य पुरते आटोपता आले नाही. 2 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या रुग्णालयात रामकिंकरांनी देह ठेवला.

2023 च्या सप्टेंबरमध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. त्यामुळे प्रवाशांची वर्दळ वाढली आहे. आपल्यापैकी ज्या कुटुंबांनी अद्याप ते स्थळ पाहिले नसेल, त्यांनी यंदाच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन अवश्य जावे. उत्तरायण पाहावे, श्यामलीच्या भिंतींवरील आकृती नीट न्याहाळाव्यात, आणि मग कलाभवनाच्या आवारात संथाळ कुटुंबापुढे थोडा वेळ थांबावे. मुलांना तारखा सांगण्याची घाई करू नये. कावडीच्या टोपलीतले मूल त्यांना आपण होऊन दिसेल.

पन्नास वर्षांपूर्वी या गावी आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी गणेशोत्सव सुरू केला, तेव्हा त्यांच्याजवळ पेणची मूर्ती नव्हती. येथल्याच कुंभाराकडून, येथल्याच मातीची मूर्ती करवून घेऊन त्यांनी तिची स्थापना केली. गावाकडून सारे काही येईपर्यंत ते थांबले असते, तर आज हा सुवर्णमहोत्सव झाला नसता. रामकिंकरांचे नाव त्यांनी कदाचित ऐकलेही नसेल. पण जेथे आहोत तेथली माती हाती घ्यावी आणि कामाला लागावे, ही त्यांची रीत आमच्या त्या वडीलधाऱ्यांना उपजतच ठाऊक होती.